सोळा अंशांची थंडी आणि घाईतली बॅटरी

बेंगळुरूच्या थंडीचे कौतुक निफाडच्या माणसाला सांगायला जाऊ नये. डिसेंबर-जानेवारीत इथले किमान तापमान साधारण पंधरा-सोळा अंशांवर टेकते. शहराच्या नोंदींतला नीचांक ७.८ अंशांचा, तोही १८८४च्या जानेवारीतला. तरी एवढ्यावरही इथे कानटोप्या बाहेर येतात, आणि गेल्या काही हिवाळ्यांपासून एक नवी तक्रारही ऐकू येते. रात्रभर उघड्यावर उभी असलेली इलेक्ट्रिक गाडी पहाटे फास्ट चार्जरला लावली, तर ती दुपारच्या मानाने सावकाश चार्ज होते. या तक्रारीच्या मागोमाग मागणी आली: परदेशी गाड्यांत असते तशी, चार्जरवर पोचण्याआधी बॅटरी उबदार करून ठेवण्याची सोय, म्हणजे प्रीकंडिशनिंग, इथल्या गाड्यांतही सर्रास हवी. त्यावर दुसऱ्या बाजूचे उत्तर तयार असते. हा नॉर्वेवाल्यांचा प्रश्न; आपल्याकडे बॅटरीचा शत्रू ऊन आहे; जास्तीचे पैसे कशाला मोजायचे?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र दोन्ही बाजू गाडीत डोकावून भांडतात आणि चार्जरकडे पाहत नाहीत, असे मला वाटते.

आधी बॅटरीच्या आतले काम पाहू. चार्जिंग होताना लिथियमचे आयन एका इलेक्ट्रोडमधून निघतात, मधल्या द्रावातून वाट काढतात आणि समोरच्या ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. थंडीत हा द्राव दाटतो, आयनांची चाल मंदावते आणि ग्राफाइटच्या थरांत शिरणेही जड जाते. डिसेंबरच्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी धरली तर तेल पटकन हातावर येत नाही, त्यातलाच प्रकार. फक्त इथे काही गोठत नाही, सगळे आळसावते. या आळसाकडे दुर्लक्ष करून करंट रेटला, तर खरी पंचाईत होते. आत शिरायला उसंत न मिळालेले लिथियम ग्राफाइटच्या पृष्ठभागावरच धातूच्या रूपात साचते. त्यातले काही पुन्हा कधी कामाला येत नाही आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. साचलेल्या धातूला सुईसारखे काटे फुटून त्यांनी मधला पातळ पडदा भेदला, तर आतल्या आत शॉर्ट सर्किटचे भय. म्हणून शून्याखाली बहुतेक लिथियम बॅटऱ्या चार्जिंग घेतच नाहीत किंवा नावापुरते घेतात. शून्याच्या वर, पण पुरेशी ऊब नसताना, बॅटरीचा कारभार पाहणारी यंत्रणा, म्हणजे बीएमएस, पॅकमधल्या सर्वांत थंड सेलकडे पाहून करंट आवळते. पहाटेची ती मंद गती हा गाडीतला दोष नव्हे. पुढच्या आठ वर्षांची वॉरंटी सांभाळण्यासाठी गाडीने घेतलेली ती खबरदारी असते.

यातून फटका केवढा बसतो? अमेरिकेतल्या आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीच्या संशोधकांनी न्यूयॉर्कच्या निसान लीफ टॅक्सींच्या फास्ट चार्जिंगच्या नोंदी तपासून २०१८मध्ये निष्कर्ष मांडले. पंचवीस अंशांना जेवढ्या वेळात बॅटरी ८० टक्क्यांवर जाते, तेवढ्याच वेळात शून्य अंशाला तिच्यात सुमारे एक तृतीयांश कमी वीज भरते. २०२४च्या जानेवारीत शिकागोत पारा शून्याच्या बराच खाली गेला, तेव्हा चार्जिंग केंद्रांवर टेस्ला गाड्यांच्या रांगा लागल्या, आणि ती छायाचित्रे इकडच्या व्हॉट्सॲप गटांतही आठवडाभर फिरली. पण त्याच वर्षी नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी दहांतल्या जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या, हे त्या गटांत कुणी पाठवले नाही. असो. मुद्दा असा, की हे सगळे आकडे शून्य आणि त्याखालचे आहेत. निसान लीफमध्ये बॅटरीचे तापमान राखणारी द्रवाची व्यवस्थाही नव्हती. इथल्या बऱ्याच कारमध्ये ती आहे. टाटांच्या नेक्सॉन ईव्हीत तर २०२०पासून.

सोळा आणि पंचवीस अंशांमधला फरक शून्य आणि पंचवीसमधल्या फरकासारखा नाही. तरीही तो आहे. बॅटरीला आपली कमाल गती गाठायला सेलचे तापमान साधारण तिशीच्या वर लागते, आणि इथे वापरात रुळलेले एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे, सेल थंडीत इतर रसायनांपेक्षा थोडे अधिक सुस्त असतात. तेव्हा तक्रार करणारा माणूस खोटे बोलत नाही. तो ज्याला जबाबदार धरतो, तेच कारण दर वेळी खरे असते का, एवढाच प्रश्न.

यासाठी थोडा हिशेब मांडू. २०२०ची पहिली नेक्सॉन ईव्ही ३०.२ युनिटची. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे फास्ट चार्जरवर ती तासाभरात ८० टक्के भरायची, म्हणजे सरासरी गती चोवीस किलोवॅटच्या आसपास. एवढी माफक गती सोळा अंशांवरची बॅटरीही फारशी कुरकुर न करता सोसते. त्या काळच्या मालकांना हिवाळ्यात फरक जाणवला असेलच तर तो थोडाच. आता २०२४च्या नोव्हेंबरात आलेली महिंद्राची बीई ६ घ्या. तिच्या ७९ युनिटच्या बॅटरीबद्दल दावा आहे, की १७५ किलोवॅटच्या चार्जरवर २० ते ८० टक्क्यांचा टप्पा वीस मिनिटांत पार होतो. म्हणजे वीस मिनिटांत सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस युनिट, सरासरी १४० किलोवॅटच्या वर. या गतीला तापमानाचा मान राखावाच लागतो. सेल थंड असेल तर ही गती मिळणार नाही, आणि जाहिरातीतली बॅटरी तर नेहमीच खुशीत असते.

पण हीच गाडी शहरात सर्वत्र दिसणाऱ्या ६० किलोवॅटच्या चार्जरला लावली तर? तेवढ्याच युनिटना पाऊण तासाच्या वर वेळ लागतो, मग बॅटरी कितीही उबदार असो. शेजारच्या गनवर दुसरी गाडी लागली आणि वीज वाटली गेली, तर तीस किलोवॅट हाती येतात आणि दीड तास जातो. थंड बॅटरी १४०ऐवजी ९० किलोवॅटच घ्यायला तयार असली, तरी समोरून तीसच येत असतील तर तिच्या थंडीने काय बिघडले? काहीच नाही. कर्नाटकाने २०१७मध्ये देशातले पहिले राज्यस्तरीय इलेक्ट्रिक वाहन धोरण आणले. सार्वजनिक चार्जिंग केंद्रांच्या संख्येत हे राज्य आघाडीवर आहे आणि त्यांतली बहुसंख्य केंद्रे एकट्या बेंगळुरू शहर जिल्ह्यात आहेत. पण केंद्रांची संख्या आणि त्यांची ताकद या दोन गोष्टी आहेत. आजच्या बेंगळुरूत हिवाळ्यातल्या मंद चार्जिंगच्या कारणांची यादी केली, तर माझ्या अंदाजाने चार्जरची ताकद पहिली, वीज वाटली जाणे दुसरे, आणि थंडीचा नंबर त्यानंतर लागतो. पहिली दोन कारणे दूर होत जातील तशी थंडी वर सरकेल. म्हणजे हा प्रश्न आज लहान असला तरी वाढत्या वयाचा आहे.

त्यातही तो सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. रात्रपाळी आटोपून पहाटे चार्जरवर येणारी टॅक्सी धावून आलेली असते, तिची बॅटरी कोमट असते. डिसेंबरच्या सुट्टीत राष्ट्रीय महामार्ग ४८ धरून कोल्हापूर-साताऱ्याकडे निघालेले मराठी कुटुंब घरूनच पूर्ण चार्ज करून निघते. पहिला थांबा दोनशे किलोमीटरवर चित्रदुर्गाच्या आसपास. तोवर दोन-अडीच तास शंभराच्या आसपासच्या वेगाने धावून बॅटरी आपोआप आठ-दहा अंशांनी तापलेली असते, वर ऊनही आलेले असते. थंडीचा त्रास होतो तो हुबळी-बेळगावात रात्री मुक्काम केल्यावर. रात्री पोचताच, बॅटरी गरम असताना, चार्जिंग उरकून घ्यायचे सोडून लोक म्हणतात, सकाळी बघू. आणि सकाळी बेळगावच्या गारठ्यात गारठलेली गाडी चार्जरसमोर उभी करतात. यावर उपाय फुकटचा आहे. जेवायच्या आधी गाडी लावा, मग जेवा.

ज्याला हा फुकटचा उपाय लागू पडत नाही, त्याचा विचार मात्र करायला हवा. मल्लेश्वरम किंवा बसवनगुडीच्या जुन्या गल्लीत गाडी रस्त्याकडेला लागते. घरचा चार्जर नाही, सोसायटीचे तळघर नाही. रात्रभर उघड्यावर थंड झालेली गाडी, पंधरा टक्के शिल्लक, आणि ऑफिसच्या आधी वीस मिनिटे. फास्ट चार्जरवर सर्वांत जास्त अवलंबून असलेला माणूस हाच, आणि थंडीचा दंडही यालाच. ज्याच्या तळघरात ७.२ किलोवॅटचा चार्जर रात्रभर चालतो, त्याच्या बॅटरीला सोळा अंशांचे सोयरसुतक नाही. तेवढ्या संथ चार्जिंगला ही थंडी कुठेच आडवी येत नाही. प्रीकंडिशनिंगची मागणी उडवून लावणारे बहुधा तळघरवाले असतात.

आणि उटी. बेंगळुरूच्या माणसाला खरी थंडी भेटते ती इथून पावणेतीनशे किलोमीटरवर, २,२०० मीटरहून अधिक उंचीवर. जानेवारीत तिथल्या गवतावर दहिवर गोठते. तिथे चार्जिंगइतकाच एक दुसरा मुद्दा येतो, आणि त्याबद्दल विक्रेते फार बोलत नाहीत. उतारावर इलेक्ट्रिक गाडी मोटरनेच वेग आवरते आणि त्यातून तयार झालेली वीज बॅटरीत परत टाकते. पण ही परतीची वीजही शेवटी चार्जिंगच. बॅटरी थंड आणि वरून काठोकाठ भरलेली असेल, तर ती वीज घ्यायला नकार देते, आणि एरवी पाय उचलताच वेग आवरणारी गाडी सुसाट उतरू लागते. भार पूर्णपणे ब्रेकवर येतो. रात्री हॉटेलात शंभर टक्के चार्ज करून सकाळी सातला घाट उतरायला घेणाऱ्याने हे माहीत करून घेतलेले बरे. ऐंशी-पंच्याऐंशीवर थांबावे आणि सुरुवातीची वळणे संथपणे घ्यावीत.

आता दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहू. बॅटरीचे आयुष्य ठरवण्यात उन्हाचा हात थंडीपेक्षा मोठा असतो. तापमान वाढते तसा बॅटरीतल्या नको असलेल्या रासायनिक क्रियांचा वेग वाढतो, आणि गाडी नुसती उभी असली तरी क्षमता झिजत राहते. नागपूर-चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांत भाजून निघणारी बॅटरी आणि वर्षाची सरासरी चोविशीच्या आसपास असलेल्या बेंगळुरूतली बॅटरी यांचे नशीब वेगळे आहे. या शहराचा २०१६च्या एप्रिलमधला विक्रमी उन्हाळादेखील ३९.२ अंशांचा. हिवाळ्यातल्या काही सकाळी दहा मिनिटे जास्त थांबण्याच्या बदल्यात बॅटरीला वर्षानुवर्षे गारवा मिळत असेल, तर व्यवहार घाट्याचा नाही.

इथल्या अभियंत्यांचा अनुभवही उन्हाकडेच बोट दाखवतो. २०२०मध्ये बेंगळुरूत सुरू झालेल्या एक्स्पोनंट एनर्जीने पंधरा मिनिटांत चार्ज होणाऱ्या तीनचाकींसाठी वेगळी वाट काढली. चार्जिंगच्या केबलबरोबरच चार्जरमधून थंड पाणी बॅटरी पॅकमध्ये खेळवायचे, म्हणजे उष्णता आवरण्याचे अवजड यंत्र गाडीत वागवावे लागत नाही. त्यांची लढाई गरम होणाऱ्या बॅटरीशी होती. उलट अनुभव असलेली गाडीही याच शहराची. चेतन मैनी यांची २००१मध्ये बाजारात आलेली रेवा पुढे लंडनच्या रस्त्यांवर जी-विझ नावाने धावली, आणि तिथल्या हिवाळ्यात तिच्या शिशाच्या बॅटऱ्यांचा पल्ला आखडायचा. थंडीसाठी न घडवलेली गाडी थंड गावी पाठवली की काय होते, हे या शहराला वीस वर्षांपूर्वीच कळले होते. तसेच थंड देशांसाठी घडवलेली सोय इथे सरसकट लादायची का, हेही त्याच शहाणपणाने तपासायला हवे.

प्रीकंडिशनिंगचा खर्च तसा डोळे फिरवणारा नाही. साडेतीनशे किलोचा पॅक पंधरा अंशांनी तापवायला ढोबळ हिशेबाने दीड युनिट वीज लागते. वीस रुपये युनिट धरले तर तीस रुपये. जबरदस्त चार्जरवर त्यातून काही मिनिटे वाचत असतील, तर घाईतला माणूस ती आनंदाने मोजेल. पण तीस किलोवॅटच्या चार्जरवर हे तीस रुपये पाण्यात. बॅटरी आपली आपण चार्जिंगच्या उष्णतेने तापेल म्हणावे, तर त्या गतीला एक-सव्वा किलोवॅट उष्णता निघते आणि दहा अंश वाढायला पाऊण तास जातो. तोवर चार्जिंग संपत आलेले असते. हीटर, झडपा, सॉफ्टवेअर यांचा खर्च गाडीच्या किमतीत मिसळतो तो वेगळाच, आणि वर्षातले दहा महिने तो निकामी पडून राहतो. म्हणून बारा-पंधरा लाखांच्या कुटुंबाच्या गाडीत ही सोय सक्तीची करण्याच्या मी विरोधात आहे. दीडशे किलोवॅटच्या वरचा दावा करणाऱ्या गाडीची गोष्ट निराळी. वीस मिनिटांचे आश्वासन विकणाऱ्याने ते आश्वासन पाळण्याचे साधनही द्यावे.

ते साधन इथल्या सवयींना धरून असावे, ही मात्र अट. परदेशी पद्धतीत गाडीच्या नकाशात चार्जरचा पत्ता टाकला, की गाडी स्वतःहून बॅटरी तापवू लागते. आपल्याकडे गाडीतला नकाशा कोण वापरतो? फोनवरचे गूगल मॅप्स पडद्यावर उमटवून सगळे निघतात, आणि आपण चार्जरकडे चाललो आहोत याचा गाडीला बहुधा पत्ताच नसतो. सुविधा पुस्तिकेत आहे आणि प्रत्यक्षात कधी चालू होत नाही, अशी गत व्हायची. एक साधे बटण, ‘बॅटरी गरम करा’ एवढे लिहिलेले, पुरे आहे.

सरकारी पैशाचा मुद्दा याला चिकटूनच येतो. केंद्र सरकारच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत सार्वजनिक चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये ठेवले आहेत आणि चारचाकींसाठी २२,१०० फास्ट चार्जरचे लक्ष्य आहे. या चार्जरची शहर आणि महामार्ग अशी वाटणी करताना तापमानाचाही विचार व्हावा. महामार्गावर गाड्या तापून येतात. तिथे १२० किलोवॅटच्या वरची ताकद कामी येते. शहराच्या गल्लीत पहाटे थंडगार गाड्या येतात. तिथे एका महागड्या चार्जरच्या पैशात रस्त्याकडेला रात्रभर चालणारे अनेक संथ चार्जर बसले, तर मल्लेश्वरमच्या माणसाचा प्रश्न मुळातच सुटतो. यावर आक्षेप येईल, की रस्त्याकडेच्या चार्जरची देखभाल कोण करणार, फुटपाथ आधीच उरलेत किती, आणि तिथे रात्रभर दुसऱ्याच कुणाची पेट्रोलची गाडी उभी राहिली तर? आक्षेप पोकळ नाहीत. बेंगळुरूच्या फुटपाथवर चालून पाहिलेला कोणीही ते हसण्यावारी नेणार नाही. तरीही नव्या फास्ट चार्जरची फीत कापणे सोपे आणि संथ चार्जर चालू ठेवणे अवघड, एवढ्यावरून पैसा कुठे जावा हे ठरू नये.

काही जण म्हणतील, थांबा, रसायनच बदलणार आहे. इथल्याच जक्कूरमधल्या जवाहरलाल नेहरू प्रगत विज्ञान संशोधन केंद्रात प्रेमकुमार सेंगुट्टुवन यांच्या गटाने २०२५मध्ये सहा मिनिटांत ८० टक्के चार्ज होणारी सोडियम-आयन बॅटरी विकसित केल्याचे जाहीर झाले. अभिमानाची गोष्ट खरीच. पण प्रयोगशाळेतला सेल गाडीत बसायला वर्षे लागतात, आणि या डिसेंबरात चार्जरसमोर उभा असणारा माणूस तेवढा थांबणार नाही.

त्याच्यासाठी आजच करता येण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि तिला जवळपास खर्च नाही. आपल्याकडच्या कारच्या सीसीएस२ पद्धतीत चार्जिंग सुरू होताच गाडी आणि चार्जर एकमेकांशी सतत बोलत असतात. चार्जर आपली कमाल मर्यादा सांगतो, गाडी किती करंट हवा ते सांगते, आणि चार्जर तेवढा किंवा त्याहून कमी देतो. म्हणजे गती कोणामुळे अडली आहे, हे चार्जरला प्रत्येक क्षणी ठाऊक असते. पडद्यावर मात्र बहुतेक ठिकाणी दिसतात ते फक्त युनिट, रुपये आणि टक्के. ग्राहक चार्जरवाल्याशी भांडतो, चार्जरवाला गाडीवर ढकलतो, शोरूमवाला थंडीवर. चार्जिंगची नोडल संस्था म्हणून बेस्कॉम या इथल्या वीज वितरण कंपनीने आणि अनुदान देणारे म्हणून केंद्राने एवढी अट घालावी, की पडद्यावर आणखी दोन आकडे हवेत: गाडीने मागितले किती, आम्ही दिले किती. एका हिवाळ्याच्या अशा नोंदी हाती आल्या, की बेंगळुरूत थंडीसाठी हीटर हवा की ताकदवान चार्जर, हे कोणाच्या अनुभवावर सोडायची गरज राहणार नाही. आणि नोंदींतून थंडीच खरी दोषी निघाली, तर सक्तीला केलेला माझा विरोध मागे घेऊन मी त्या बटणासाठी रांगेत उभा राहीन.